पाहुणेच यजमान : एआय सेफ्टी कॅम्पची वाटचाल

2018 चा एप्रिल. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या, पण स्पेनच्या मालकीच्या ग्रान कनारिया बेटावर काही तरुण मंडळी दहा दिवस एकत्र राहायला आली. कुणी गणित, कुणी संगणकशास्त्र शिकत होतं, कुणी पीएच.डी. करत होतं, कुणी नोकरीतून रजा काढून आलं होतं. उद्घाटक नव्हते, प्रमुख पाहुणे नव्हते, आणि ज्याच्यासमोर बसून टिपणं काढावीत असा प्राध्यापकही नव्हता. प्रश्न मात्र भला मोठा होता: माणसापेक्षा हुशार यंत्र उद्या खरंच बनलं, तर ते आपल्या मनासारखं वागेल याची खात्री कशी करायची? एआय सेफ्टी कॅम्पचं हे पहिलं शिबिर.

त्या वेळी हा प्रश्न आजच्यासारखा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नव्हता. चॅटजीपीटी यायला अजून साडेचार वर्षं होती. पण विषयाची पायाभरणी झाली होती. 2014 मध्ये ऑक्सफर्डच्या निक बॉस्ट्रम यांचं ‘सुपरइंटेलिजन्स’ हे पुस्तक आलं. 2016 मध्ये गूगल, ओपनएआय, स्टॅनफर्ड आणि बर्कली इथल्या संशोधकांनी मिळून एक निबंध लिहिला आणि या धूसर भीतीचे पाच नेमके, प्रयोगशाळेत हाताळता येतील असे प्रश्न केले. त्यांचं उदाहरण साफसफाई करणाऱ्या यंत्रमानवाचं होतं. कचरा दिसला नाही की बक्षीस, असा नियम त्याला घालून दिला तर तो कचरा उचलण्याऐवजी स्वतःचे डोळेच मिटून घेईल. घाईत फुलदाणी पाडेल, कारण फुलदाणी पाडू नकोस असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. अशा प्रश्नांवर काम करायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. थोडं गणित, थोडं प्रोग्रॅमिंग आणि चिकाटी पुरते.

अडचण होती ती दाराची. 2015 च्या जानेवारीत पोर्तो रिकोला आणि 2017 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला या विषयावरच्या दोन गाजलेल्या बैठका झाल्या. असिलोमारच्या बैठकीतून 23 तत्त्वांची यादी निघाली. तिथे बसलेली माणसं नामवंत होती आणि निमंत्रणावरून आली होती. पूर्ण वेळ काम करायचं तर ऑक्सफर्ड, बर्कली, लंडन अशी दोन-चार ठिकाणं. तिथे जागा हातावर मोजण्याइतक्या, आणि त्या मिळवायच्या तर आधी काही काम करून दाखवायला हवं. काम करून दाखवायला संधी हवी, आणि संधी त्याच जागांवर. या चक्रात अडकलेल्यांपैकी काहींनी प्रवेशाची वाट बघणं सोडलं आणि आपणच एकत्र जमायचं ठरवलं. माझ्या मते या संस्थेची सगळी वाटचाल या एका निर्णयातून उलगडत जाते. तिचं जे चांगलं झालं ते त्यातून, आणि जे अवघड झालं तेही त्यातूनच.

पहिल्या शिबिराची रीत साधी होती. बेटावर जाण्याच्या काही आठवडे आधी सहभागी ऑनलाइन भेटत, आपापल्या आवडीचे प्रश्न मांडत आणि तीन-चार जणांचे गट करत. आधी वाचन, मग आखणी, आणि शेवटी दहा दिवस एका छपराखाली अखंड काम. एका गटानं घेतलेला प्रश्न इथे सांगण्यासारखा आहे. 2017 च्या अखेरीस डीपमाइंड या एआय कंपनीनं चौकटीचौकटींच्या पटावरचे छोटे खेळ प्रसिद्ध केले होते. त्यातल्या एका खेळात यंत्रानं खोकं ढकलत ठरावीक चौकटीपर्यंत पोचायचं असतं. जवळच्या वाटेनं गेलं तर खोकं कोपऱ्यात जाऊन अडकतं आणि पुन्हा कधीच बाहेर काढता येत नाही. लांबच्या वाटेनं गेलं तर ते पूर्ववत करता येतं. यंत्राला गुण मिळतात ते फक्त पोचण्याचे, खोक्याबद्दल अवाक्षर नाही. मग ते लांबची वाट का धरील? शिबिरातल्या गटानं असे आणखी पट रचले आणि न सांगितलेली हानी टाळणारं यंत्र कसं घडवता येईल हे तपासलं. काम छोटं होतं. पण कुणीही न नेमलेल्या चौघांनी ते पूर्ण केलं, हे महत्त्वाचं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरं शिबिर प्रागला भरलं आणि 2019 मध्ये तिसरं स्पेनमध्येच, माद्रिदजवळच्या आविला या तटबंदीच्या गावात. एका शिबिरात आलेले पुढच्याच्या तयारीला लागायचे. कोण कुठे झोपणार, स्वयंपाक कोण करणार, कुणाचा गट मोडायला आलाय, हे बघणारेही तेच, आणि बहुतेक काम स्वयंसेवेचं. आपल्याकडच्या चळवळींतली शिबिरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र नवं वाटणार नाही.

याच मंडळींच्या आसपास आणखी एक, अधिक सैल प्रकार रुजत होता, तो अनकॉन्फरन्सचा. त्याची मुळं या विषयापेक्षा जुनी आहेत. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी 1983 मध्ये मोठ्या कष्टानं एक परिषद भरवली. ती यशस्वीही झाली. पण सगळ्यांना खरं आवडलं ते चहा-कॉफीच्या मध्यंतरात झालेलं बोलणं. मग नुसती मध्यंतरंच का भरवू नयेत, असा विचार करून 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे त्यांनी माणसांना गोलात बसवलं आणि भिंतीवर कोरा तक्ता लावला. ज्याला जे बोलायचं आहे त्यानं ते कागदावर लिहून वेळेच्या चौकटीत चिकटवायचं. नियम नावापुरते. त्यातला एक ‘दोन पायांचा’: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठा आणि दुसरीकडे जा. कुणाचा अपमान होत नाही. 1989 मध्ये ही रीत गोव्यापर्यंत पोचली होती. तिथे भारतीय व्यवस्थापक आणि परदेशी अभ्यासक संस्थांमधल्या शिकण्याबद्दल बोलायला याच पद्धतीनं बसले होते. आपल्या साहित्य संमेलनात मांडवातल्या परिसंवादापेक्षा पुस्तकांच्या गाळ्यांसमोर जास्त मोलाचं बोलणं होतं हे आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. ओवेन यांनी मांडवच काढून टाकला.

संगणकाच्या जगात ही कल्पना शिरली ती रुसव्यातून. टिम ओरायली यांच्या प्रकाशनसंस्थेनं 2003 पासून कॅलिफोर्नियात ‘फू कॅम्प’ भरवायला सुरुवात केली. कार्यक्रम पाहुण्यांनीच ठरवायचा, पण यायला निमंत्रण हवं. 2005 मध्ये निमंत्रण न मिळालेल्या काही जणांनी आठवडाभराच्या तयारीत पालो आल्टोला ‘बारकॅम्प’ उभा केला आणि तो सगळ्यांना खुला ठेवला. थोड्याच काळात मुंबई-पुण्यातही बारकॅम्प भरू लागले. शनिवारी कॉलेजच्या वर्गखोल्यांत भिंतीवर कागद चिकटवणारे ते प्रोग्रॅमर आज चाळिशीत असतील. दार बंद दिसलं की बाहेरच सतरंजी अंथरायची, ही सवय एआय सेफ्टीवाल्यांनी अशी वारशानं घेतली.

2018 च्या डिसेंबरात मॉन्ट्रियलला न्यूरिप्स ही मशीन लर्निंगमधली सर्वांत मोठी परिषद होती. त्या वर्षी तिची तिकिटं बारा मिनिटांच्या आत संपली. कोल्डप्लेच्या मुंबईच्या मैफलीसारखा प्रकार, फक्त इथे समीकरणांसाठी. हजारोंच्या त्या जत्रेच्या कडेला एआय सेफ्टीची एक छोटी अनकॉन्फरन्स भरली आणि पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला पुन्हा. पण या प्रकाराचं सर्वांत मासलेवाईक रूप दिसलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला.

ब्लॅकपूल हे लँकेशरच्या किनाऱ्यावरचं जुनं सहलीचं गाव. गिरण्यांतले कामगार वर्षातून एकदा आठवडाभर समुद्रावर यायचे, आणि त्यांच्यासाठी 1894 मध्ये आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन दीडशे मीटरहून उंच मनोरा बांधला गेला. पुढे स्वस्त विमानं आली आणि तेच कामगार उन्हासाठी स्पेनला जाऊ लागले. ब्लॅकपूलच्या गल्ल्यांतली छोटी हॉटेलं ओस पडली, किमती उतरल्या. त्यातलं अथेना नावाचं सतरा खोल्यांचं हॉटेल एका इंग्रज दात्यानं सुमारे 1 लाख 30 हजार पौंडांना विकत घेतलं. लंडनमध्ये तेवढ्यात धड एक फ्लॅटही येत नाही. 2018 पासून तिथे नवीच सोय सुरू झाली: जगाच्या भल्याच्या प्रश्नांवर अभ्यास करणाऱ्यांनी इथे फुकट राहावं, जेवावं आणि काम करावं. ज्या स्पेननं ब्लॅकपूलचे पाहुणे पळवले, तिथेच एआय सेफ्टी कॅम्पची दोन शिबिरं झाली आणि तीच मंडळी फिरून ब्लॅकपूलच्या रिकाम्या खोल्यांत आली. इतिहासाला असले हिशेब मिटवायची खोड असते.

त्या ऑगस्टमध्ये हॉटेलात आधी ‘करत करत शिका’ धर्तीची कार्यशाळा झाली आणि तिच्या पाठोपाठ ‘टेक्निकल एआय सेफ्टी अनकॉन्फरन्स’. वक्त्यांची यादी नाही, निबंध मागवले नाहीत, कारण आलेला प्रत्येक जण वक्ता आणि श्रोता दोन्ही. अशा ठिकाणी जाणाऱ्याला सुरुवातीला कसं वाटतं हे ज्यानं अनुभवलंय तोच जाणे. परिषदेला आपण रिकाम्या हातानं जातो, वही भरून परत येतो. इथे रिकामं वेळापत्रक तुमच्याकडे बघत असतं. तुम्ही काही लिहिलं नाही तर ती चौकट रिकामीच राहणार. मग कुणीतरी धीर करून लिहितं: ‘मला अमुक निबंधातलं तिसरं प्रमेय कळलेलं नाही, कुणाला कळलंय का?’ बहुधा याच सत्राला सर्वाधिक गर्दी होते, कारण ते कुणालाच नीट कळलेलं नसतं आणि मोठ्या सभागृहात तसं म्हणायची सोय नसते. अर्धवट कल्पना, फसलेला प्रयोग, ‘हे सगळं चुकीच्या दिशेनं चाललंय’ अशी शंका, या गोष्टींना निमंत्रितांच्या परिषदेत जागा मिळत नाही. एआय सेफ्टीत तर पाठ्यपुस्तकच नव्हतं. सगळेच चाचपडत होते, आणि अशा वेळी हा प्रकार उपयोगी पडतो.

त्याच्या उणिवाही सांगायला हव्यात, कारण या मंडळींच्या उत्साहात त्या झाकल्या जातात. जो मोठ्यानं बोलतो त्याचा विषय तक्त्यावर आधी चढतो. इंग्रजी ज्यांची बोलती भाषा नाही ते दोन सत्रं गप्प बसतात. एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्यांचा गोल तयार होतो आणि नवख्याला त्यातले सांकेतिक शब्द कळत नाहीत. दोन पायांचा नियम छान आहे, पण उठून जायला लागणारं धैर्य सगळ्यांकडे सारखं नसतं. शिवाय, सगळे एकाच भीतीनं जमलेले असले की ती भीती खरी आहे का, हा प्रश्न तक्त्यावर क्वचितच येतो. अनुभवी अभ्यासक खोलीत नसेल तर दहा जण मिळून तीन दिवस एखादी मोडीत निघालेली कल्पना नव्यानं शोधून काढू शकतात.

2020 मध्ये चौथं शिबिर टोरोंटोला व्हायचं होतं. कोविड आला आणि ते ऑनलाइन गेलं. त्याच वर्षी अनकॉन्फरन्सही ऑनलाइन भरली आणि पुढच्या वर्षीही. शिबिर तर त्यानंतर मुख्यतः ऑनलाइनच राहिलं. त्यात काय हरवलं हे उघड आहे: भांडी घासताना होणारं बोलणं, रात्री उशिरापर्यंत चाललेला वाद. मिळालं ते मात्र कमी नव्हतं. युरोपच्या व्हिसासाठी महिनोन् महिने ताटकळायची गरज उरली नाही, विमानाचं भाडं नाही. पुण्यातल्या किंवा नैरोबीतल्या विद्यार्थ्याला लागत होतं ते बरं इंटरनेट आणि जागरणाची तयारी, कारण युरोपात उन्हाळ्यातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. दारांची ज्यांना मुळात चीड होती, त्यांच्यासाठी व्हिसा हे सर्वांत जाड दार होतं, आणि ते साथीनं उघडलं.

2021 च्या ऑनलाइन शिबिरातून पुढे आलेलं काम मला या संस्थेचं सर्वांत मोठं देणं वाटतं. कॉइनरन नावाचा व्हिडिओ गेम आहे. बाहुलं उड्या मारत, खड्डे आणि राक्षस चुकवत धावतं आणि शेवटी उजव्या टोकाला असलेलं नाणं मिळालं की गुण. यंत्राला हा खेळ हजारो वेळा खेळवून शिकवला, आणि ते पटाईत झालं. मग गटानं एक साधी गोष्ट केली: नाणं उजव्या टोकाऐवजी मध्येच कुठेतरी ठेवलं. यंत्र खड्डे तितक्याच सफाईनं चुकवत राहिलं, राक्षसांना हुलकावणी देत राहिलं, आणि नाण्याकडे ढुंकूनही न बघता थेट उजव्या भिंतीला जाऊन भिडलं. आपल्याला वाटत होतं की ते नाणं मिळवायला शिकलं. ते शिकलं होतं उजवीकडे जायला. सरावाच्या खेळात दोन्ही गोष्टी एकच होत्या, म्हणून फरक कुणाला दिसलाच नाही.

इथे यंत्र मूर्ख झालं असतं तर काळजी नव्हती. ते पूर्वीइतकंच निष्णात राहिलं आणि तरी भलत्याच ध्येयामागे गेलं. निष्णातपणा टिकून ध्येय भरकटणं ही या विषयातली जुनी, बरीचशी तत्त्वज्ञानाची शंका. ती पडद्यावर, कुणालाही पुन्हा करून बघता येईल अशा रीतीनं दाखवली गेली. हा निबंध 2022 मध्ये आयसीएमएल या नामांकित परिषदेत सादर झाला आणि नंतर सतत उद्धृत होत राहिला. हे एकट्या शिबिराचं श्रेय नाही, त्यात पुढे विद्यापीठातलं मार्गदर्शनही आलं. पण ही माणसं एकत्र आली ती शिबिरामुळे.

मग 2023 उजाडलं आणि विषयाचं भाग्यच पालटलं. मे महिन्यात, आजच्या एआयच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जेफ्री हिंटन यांनी गूगल सोडलं, धोक्याबद्दल मोकळेपणानं बोलता यावं म्हणून. नोव्हेंबरात ब्रिटननं ब्लेचली पार्कला, संगणकशास्त्राचे आद्य प्रणेते ॲलन ट्युरिंग यांनी दुसऱ्या महायुद्धात काम केलेल्या जागी, शिखर परिषद भरवली. भारतासह 28 देश आणि युरोपीय संघ जाहीरनाम्यावर एकत्र आले. जी चर्चा ब्लॅकपूलच्या खोल्यांत चालायची ती आता पंतप्रधान करत होते. अशा वेळी जुन्या शिबिराला सुगी यावी असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. 2024 च्या जानेवारीत आयोजकांनी जाहीर केलं की पैसे मिळाले नाहीत तर हे कदाचित शेवटचंच शिबिर.

कारणं अनेक होती. या क्षेत्राला पैसा पुरवणारे मोजके, आणि त्यांच्याकडे मागणारे आता भरपूर. नवे, सुटसुटीत प्रशिक्षणक्रम आले होते. त्यात नामवंत मार्गदर्शक आणि विद्यावेतनही मिळे. पण एक कारण अधिक टोकदार होतं. नवव्या शिबिरात प्रकल्पांचा एक विभागच ‘ताब्यात न राहणारी एआय बनवूच नये’ या विषयाला दिला होता. एआय सुरक्षित कशी करायची हे एका बाजूला, आणि ती इतक्या वेगानं बनवायचीच का हे दुसऱ्या बाजूला. हा मतभेद या क्षेत्रात मुळापासून आहे. देणगीदारांपैकी अनेक पहिल्या बाजूचे. आयोजकांपैकी काही उघडपणे दुसऱ्या बाजूला सरकले होते. निमंत्रितांच्या परिषदेत असा वाद मसुद्यातच मिटवला जातो. इथे तक्ता खुला असल्यामुळे तो सगळ्यांसमोर लागला.

या वादाला पोट भरण्याचा पदरही आहे. शिबिरातून गेलेले काही जण ऑक्सफर्डच्या संशोधनसंस्थेत गेले, काही छोट्या स्वतंत्र गटांत, आणि काही थेट डीपमाइंड, ओपनएआय, अँथ्रॉपिक अशा यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांत. याला यश म्हणायचं का? सुरक्षेचा विचार कंपनीच्या आत नेणारी माणसं तयार झाली, असं एक बाजू म्हणेल. ज्यांच्यावर अंकुश ठेवायचा त्यांनाच कुशल मनुष्यबळ पुरवलं, असं दुसरी. मला दोन्हींत तथ्य दिसतं, आणि याचा निकाल शिबिराच्या हिशेबवहीत लागणार नाही.

संस्थेच्या उपयोगाचं मूल्यमापनही झालं, आणि ते केलं आर्ब रिसर्च या सल्लागार संस्थेनं, जी स्वतः शिबिरातल्या गाठीभेटींतून उभी राहिली होती. आपल्याकडे याला घरचाच ऑडिटर म्हणतील. पण क्षेत्र इतकं लहान की शिबिराशी काडीचाही संबंध नसलेला आणि विषयही कळणारा परीक्षक शोधायचा तरी कुठे? एआय सेफ्टी सपोर्ट आणि एआय स्टँडर्ड्स लॅब याही संस्थांची सुरुवात शिबिरातल्या बोलण्यातूनच झाली.

शेवटी शिबिर तगलं ते वर्गणीवर. मोठ्या संस्थांनी हात आखडता घेतल्यावर मॅनिफंड या ऑनलाइन देणग्यांच्या मंचावर आवाहन केलं गेलं आणि अनेकांनी थोडी थोडी भर घातली. देणाऱ्यांत पूर्वी शिबिरात येऊन गेलेलेही होते. नेमक्या याच काळात, 2024 च्या एप्रिलमध्ये, ऑक्सफर्डची फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूट बंद झाली. बॉस्ट्रम यांनी 2005 मध्ये स्थापन केलेली, या विषयाचं माहेरघर समजली जाणारी. विद्यापीठाच्या प्रशासनाशी वर्षानुवर्षं चाललेल्या ताणातून तिचा शेवट झाला. शिबिराला ना इमारत, ना विद्यापीठ, त्यामुळे अंगावर येणारं प्रशासनही नाही. खर्च इतका कमी की वर्गणीत भागावं. हलकं असण्याचा हा फायदा. तोटा असा की दरवर्षी जगण्याचा प्रश्न नव्यानं सोडवावा लागतो.

दहावं शिबिर 2025 च्या जानेवारीत सुरू झालं. तोवर पहिल्या बेटावरची रीत पुष्कळ बदलली होती. आता गट आपोआप जमत नाहीत. ज्याच्याकडे कल्पना आहे तो प्रमुख म्हणून प्रकल्प मांडतो, आयोजक त्यावर खल करून निवड करतात आणि मग त्या प्रकल्पासाठी अर्ज येतात. काम तीनेक महिने, आठवड्याचे ठरावीक तास, आपापल्या गावातून. अनकॉन्फरन्सच्या मोकळेपणाला यात कात्री लागली हे खरं, पण जे गट पूर्वी दिशा न सापडल्यामुळे मध्येच विरघळायचे त्यांना टेकायला जागा मिळाली. मला हा सौदा पटतो. फक्त प्रकल्पप्रमुख होण्यासाठी पदवी किंवा पद लागणार नाही, ही पहिली अट त्यांनी सोडू नये.

त्या वर्षीच्या यादीत एआयला थांबवू पाहणाऱ्यांचे प्रकल्प होते आणि एआय मॉडेलच्या पोटात शिरून ते आत काय करतं हे उलगडू पाहणाऱ्यांचेही. दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक. कुणाबरोबर बसायचं हे अर्ज करणाऱ्यानं ठरवायचं होतं.